प्ले-ऑफ हरल्याचं दुःख किती दिवस करायचं?

हाफबॅक_इंदूर | ७ एप्रिल २०२५

काल रामनवमी. दुपारी बाराला पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला आणि संध्याकाळी साडेसातला मी आणि आई टीव्हीसमोर बसलो. आपला एफसी गोवा विरुद्ध बंगळुरू एफसी, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या सेमीफायनलचा दुसरा सामना, मडगावचं फातोर्डा स्टेडियम.

पहिला सामना आपण बंगळुरूत २-० हरून आलो होतो, त्यातला एक तर संदेश झिंगनचा स्वयंगोल. म्हणजे काल दोन गोल हवेच होते. हाफटाइमनंतर चारच मिनिटांत बोर्हा हेरेरानं पहिला मारला. मग जवळजवळ चाळीस मिनिटं जीव टांगणीला. ८८व्या मिनिटाला सादिकू! आईनं वाती वळायची थाळी खाली ठेवली. दोन्ही सामन्यांची बेरीज २-२, आता एक्स्ट्रा टाइम, तोही घरच्या मैदानावर. आणि ९०+२ला नामग्याल भुतियाचा क्रॉस, सुनील छेत्रीचा हेडर. संपलं.

आईचं माहेर मडगावचं. २०१५ची फायनल मी मामाशेजारी बसून त्याच स्टेडियमात पाहिली आहे. ८७व्या मिनिटाला आपण २-१ पुढे गेलो आणि त्यानंतर चेन्नईयिननं दोन गोल करून कप नेला. २०१९ची फायनल ११७व्या मिनिटाला गेली. गेल्या वर्षी सेमीफायनलच्या पहिल्या सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० पुढे होतो, तिथून मुंबई सिटीनं तीन मारले. आयएसएलचा कप अजून एकदाही गोव्याकडे आलेला नाही.

काल रात्री मामाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मीही परत लावला नाही. आज ऑफिसात एक जण म्हणाला, "अरे भिया, खेळच आहे, चल पोहे खाऊ." मनानं चांगला माणूस आहे, पण मला ते लागलं. घरात कुणी आजारी असलं तर "शरीरच आहे" म्हणतो का आपण? माझं म्हणणं एवढंच, की हरल्याचं दुःख माणसाला पूर्ण करू द्यावं. त्याला घाईघाईनं गप्प करू नये.

डावा_बॅक

मला हे पटत नाही, आणि मी स्वतः वीस वर्षं फुटबॉल खेळलेला माणूस आहे. तुझं दुःख खोटं नाही, पण ते तू फार लांब नेऊन ठेवलंयस. फातोर्डा इथून हजार किलोमीटर. इथल्या नेहरू स्टेडियमवर सकाळी पोरं खेळतात, जवळच्या महूला खेळतात, त्यांचा एक सामना कधी पाहिलास का? त्यांच्यातलं कोण काल हरलं, हे आपल्या इंदूरात दहा माणसांना तरी माहीत असेल का? ज्या संघासाठी आपण रडतो त्याला आपलं नाव माहीत नसतं. आणि ज्याला आपण दोन टाळ्या दिल्या तर खरोखर बळ येईल, तो पोरगा रिकाम्या पायऱ्यांपुढे पेनल्टी मारतो. हे मला सहन होत नाही.

होळकर_पॅव्हेलियन

मी क्रिकेटवाला, तरी लिहितो. १९९९च्या एप्रिलमध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर मध्य प्रदेश रणजी फायनल खेळला. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी आपली, आणि शेवटच्या दिवशी कर्नाटकानं ९६ धावांनी हरवलं. आपले कर्णधार होते चंद्रकांत पंडित. १९५२-५३ला इंदूरच्या होळकर संघानं शेवटची रणजी जिंकली, त्यानंतर आम्ही ज्याची वाट बघत होतो, ते त्या दिवशी हातातून गेलं. माझे वडील तीन दिवस रेडिओजवळ फिरकले नाहीत.

मग जून २०२२. तेच मैदान, समोर मुंबई, आणि पंडित आता आपले प्रशिक्षक. आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारनं शतक काढलं आणि आपण सहा गडी राखून जिंकलो. पंडित मैदानात उभे राहून रडले. २३ वर्षं तो माणूस तो पराभव विसरला नव्हता. म्हणून सांगतो मुला, खुशाल दुःख कर. तीन दिवस काय, तेवीस वर्षं कर.

हाफबॅक_इंदूर

काका, हे वाचून भरून आलं. पण एक फरक आहे. पंडितांना त्याच मैदानावर परत जाता आलं. मी कुठे जाणार? खेळाडू मंगळवारी सरावाला जातो, पाय चालवतो, चूक दुरुस्त करतो. आमच्या हातात काहीच नसतं. हरल्यानंतर प्रेक्षकाला करण्यासारखं एकही काम उरत नाही, आणि तेच जड जातं.

आकडेमोड

माझा राग वेगळाच आहे. लीगमध्ये २४ सामन्यांत गोव्याचे ४८ गुण, बंगळुरूचे ३८. दहा गुणांचा फरक सहा महिने घाम गाळून कमावला आणि तो १८० मिनिटांत पुसला गेला. मोहन बागाननं ५६ गुण काढून लीगमधल्या पहिल्या नंबरची शील्ड नेली, ती खरी परीक्षा. प्ले-ऑफला, म्हणजे लीगनंतरच्या या बाद फेरीला, चॅम्पियन ठरवण्याचा अधिकार देणंच मुळात चूक आहे. अशा पराभवाचं दुःख करण्यापेक्षा त्याला पराभव मानूच नये.

डावा_बॅक

@आकडेमोड, नाही, हे मान्य नाही. नियम सप्टेंबरपासून सगळ्यांना ठाऊक होता. पहिल्या दोघांना थेट सेमीफायनल मिळते, हा त्या गुणांचा मोबदलाच आहे. बंगळुरूला आधी मुंबई सिटीशी खेळावं लागलं, त्यांनी ५-० हाणले. पराभव मानायचाच नाही म्हटलं तर छेत्रीच्या त्या उडीला काय म्हणणार? चाळिशीत, ९०+२ला!

आणि खरं दुखणं वेगळीकडे आहे. मनोलो मार्केझ गोव्याचेही प्रशिक्षक आणि भारताचेही. २५ मार्चला शिलाँगला बांगलादेशशी ०-० आणि पुढच्या आठवड्यात ही सेमीफायनल. एका माणसावर एवढं ओझं टाकायला नको होतं. निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्चमध्ये देशासाठी परत बोलावणारे मार्केझच. त्यांच्याच क्लबला त्यानं घरी बसवलं.

लोकमान्यनगरची_सून

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. आता आमच्या घरचं सांगते.

ते ५-० तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. माझे मिस्टर मुंबई सिटीचे. तो सामना २९ मार्चच्या रात्री झाला आणि ३० तारखेला पाडवा होता. दरवर्षी गुढी हेच उभारतात, काठीला रेशमी वस्त्र बांधायला मुलाला खांद्यावर घेतात. यंदा उठलेच नाहीत. मी आणि सासूबाईंनी गुढी उभारली. श्रीखंडाची वाटी टेबलावर तशीच राहिली. आठ वर्षांच्या मुलानं मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "बाबा माझ्यावर रागावलेत का?"

दुःख करू द्या म्हणता, ठीक आहे. पण ते घरातल्या कुणाच्या वाट्याला जातं हेही बघा. सासूबाई सत्तरीच्या आहेत, त्यांनी काय हरलंय? दादा, तुमच्या आईनंही काल तो सामना तुमच्याबरोबर पाहिला. त्यांचं तर माहेर हरलं. रात्री त्या जेवल्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

हाफबॅक_इंदूर | ८ एप्रिल

ताई, काल दिवसभर उत्तर सुचलं नाही. आई जेवली नव्हती. मी न जेवता आत गेलो, तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः पाणी पिऊन झोपली. हे मला तुमचं वाचून विचारल्यावर कळलं.

काल रात्री तिच्याजवळ बसलो. ती लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून सामन्यांना जायची. साळगावकर, धेंपो, चर्चिल, गोव्यातल्या क्लबांची सगळी नावं घेतली तिनं. इतक्या वर्षांत मला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. तासभर बोललो, जेवलो.

तरी माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही, उलट आता जास्त ठामपणे मांडतो. तुमच्या मिस्टरांना त्या रात्री कुणाजवळ बोलता आलं असतं, तर सकाळी गुढीपाशी ते असते. "खेळच आहे" ऐकून माणूस तोंड मिटतो, मग ते रागातून बाहेर पडतं.

लोकमान्यनगरची_सून

असेल. पण बोलायला सुरुवात त्यांनीच करायची. आम्ही किती दारं ठोठावायची?

डावा_बॅक

माझा आग्रह कायम आहे. रविवारी सकाळी साडेसहा, नेहरू स्टेडियम. आईंनाही आण. खुर्ची मी आणतो.

हाफबॅक_इंदूर | ४ मे

काल भुवनेश्वरला आपण सुपर कप जिंकला, जमशेदपूरला ३-०, बोर्हाचे दोन. त्यामुळे आशियातल्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचं दारही उघडलं. आईनं रात्री साडेदहाला शिरा केला. मी नाचलो.

@डावा_बॅक, दोन रविवार आम्ही आलो, तुम्ही पाहिलंच. आई त्या अकरा नंबरच्या पोराला नावानं हाक मारते आता. पण म्हणून सहा एप्रिल पुसला गेला असं नाही, तो वेगळा सामना आहे.

अकराला मामाचा फोन आला, महिन्याभरानं पहिल्यांदा. मी "अभिनंदन" म्हणायच्या आतच तो म्हणाला, "त्या क्रॉसच्या वेळी छेत्रीला धरायचं काम कोणाचं होतं रे?"