अंधेरीत कॉलेजच्या आसपास एका रविवारी काय बघावं?

सांगोलेकरीण
मुलीला अंधेरी पश्चिमेला कॉलेज मिळालंय. शनिवारी तिला हॉस्टेलवर सोडायला येतेय, रविवार मोकळा आहे. मॉल, चौपाटी नको. तिचा विषय भूगोल, आणि दगडधोंड्यांचं वेड लहानपणापासून. जवळपास काही आहे का?

वर्सोवाकर
गिल्बर्ट हिल! भवन्स कॉलेजच्या जवळच. रिक्षावाल्याला गावदेवी डोंगरी म्हणून सांगा.

निवृत्त_भूगोल
ताई, तुमच्या मुलीसाठी याहून चांगली जागा मुंबईत नाही. मी दर वर्षी नववीची मुलं तिथे न्यायचो. बहुतेक लोक पायऱ्या चढतात, वर गावदेवीचं दर्शन घेतात, फोटो काढतात आणि उतरतात. दर्शन जरूर घ्या, पण आधी खालूनच मान वर करून कडा बघा. काळ्या बसाल्टचे उभे खांब एकमेकांना चिकटून सरळ वर गेलेत, ६१ मीटर. लाव्हा निवताना आकसला, आकसताना चिरा पडल्या, त्यातून हे खांब झाले. वय साधारण ६.६ कोटी वर्षं. दोन खांबांच्या मधे जेमतेम नख शिरेल एवढी फट, आणि त्यातूनही पिंपळाचं रोप बाहेर आलेलं असतं. माझी मुलं त्या फटीवर हात ठेवून गप्प उभी राहायची. वर्गात कधी गप्प बसली नाहीत!

२००७ साली महापालिकेनं तिला वारसा यादीत द्वितीय श्रेणी दिली. तरी घरं पार कड्याला टेकलीत, आणि पूर्वीच्या खाणकामानं टेकडी केवढी कमी झालीय. बघून दरवेळी जीव तुटतो.

वेळ उरला तर पूर्वेला महाकाली लेणी. तिथला दगड निराळा, ज्वालामुखीच्या तुकड्यांनी बनलेला, भरड. त्यामुळे कोरीवकाम बरंच झिजलंय. एकूण १९ बौद्ध लेणी आहेत, पण ९ क्रमांकाचं चुकवू नका. स्तूपाभोवती दगडातच कोरलेली गोल खोली आहे, गवती झोपडीसारखी, आणि तिच्या भिंतीला दगडी जाळ्या. बाहेरच्या उन्हातून आत गेलात की पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. घाई करू नका, थांबा. मग जाळीतून स्तूप हळूहळू दिसू लागतो.

सांगोलेकरीण
सर, खूप आभार! माझे गुडघे दुखतात, डोंगरी चढवेल का?

निवृत्त_भूगोल
पायऱ्या उभ्या आहेत, पावसात निसरड्या होतात. तुम्ही खाली सावलीत बसा, लेकीला सकाळी आठच्या आत वर पाठवा. नंतर दगड तापतो. महाकालीला रिक्षा जवळपर्यंत जाते. आणि तिला वही-पेन्सिल न्यायला सांगा, खांबांचं चित्र हातानं काढलं की त्यांची रचना डोक्यात बसते.

वर्सोवाकर
सर, इतकी वर्षं इथे राहतोय, ती जाळी कधी पाहिली नाही. या रविवारी मीही महाकालीला जातो.