कोल्ड स्टोरेजवर सोलर आत्ता बसवावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतात, खर्चात वीजबिलच सगळ्यात जड. छतावर सोलर बसवायचा विचार आहे, त्यासाठी कर्ज काढावं लागेल.

पॅनेलच्या भावाची चिंता नाही, नियमांची आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांत दर कमी आणि मागणी चढते तेव्हा व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना नेहमीच्या किमान १.२ पट. म्हणजे सोलर वाचवणार ती स्वस्तातली वीज! दुपारची शिल्लक युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होणार की नाही, हे वीज नियामक आयोगाच्या आदेशावर ठरतं. पॅनेल पंचवीस वर्षं चालतं, पण आदेश त्याआधी कितीदा तरी बदलतात. मग परतफेडीचा हिशोब कुठल्या दराने मांडायचा?

दुसरा मार्ग ओपन ॲक्सेसचा, म्हणजे वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून थेट वीज घ्यायचा. २०२२ पासून हरित विजेसाठी किमान १०० किलोवॅट मागणीची अट आहे, त्यात आम्ही बसतो. पण व्हीलिंग (वितरण कंपनीच्या तारा वापरायचं शुल्क) आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीच्या दरांची भरपाई) धरून तो खरंच परवडतो का?

सांगली-मिरजेकडे कुणी बॅटरी लावली असेल, किंवा दुपारीच खोल्या जास्त थंड करून संध्याकाळचा भार कमी केला असेल, तर बिलात काय फरक पडला ते कृपया सांगा. बँकेत प्रस्ताव द्यायच्या आधी हे कळायला हवंय.