दादर ज्वारीत उंदीर फार झालेत, पण घुबड मरू द्यायचं नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शेत चोपडा तालुक्यात, काळी जमीन. तीन एकर दादर (रब्बी ज्वारी), शेजारी हरभरा. दाणा भरला तशी उंदरांनी ताटं कुरतडून पाडायला सुरुवात केली. परवा एक बीळ खणलं, तोंड आतून मातीने बुजवलेलं. आत अर्धं टोपलं कणसं निघाली!

भावाने झिंक फॉस्फाईड, म्हणजे उंदरांचं विष, आणून ठेवलंय. मी अडवलं तर म्हणाला, "तुले दादर जोयजे का घुबड?"

जुन्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची जोडी राहते. त्यांनी ओकलेल्या केसाळ गोळ्या खाली पडतात. एक फोडून पाहिली, तर उंदरांच्या चार कवट्या. बांधावर धामण आहे, दिवसा कापशी घार हरभऱ्यावर एका जागी फडफडत असते. उंदीर साफ संपले तर ही मंडळी खाणार काय? (मुलीच्या इंग्रजी पुस्तकातला 'मेडो माऊस' वेगळा. तो आखूड शेपटीचा व्होल, युरोप-अमेरिकेतल्या कुरणांतला. पण तिथेही घुबडं-कोल्हे त्याच्यावरच जगतात.)

विष टाकलं तर घुबडाला बाधतं का? पक्षीथांबे आता लावू का?

प्रतिसाद :
दादा, ब्रोमॅडिओलोन हे दुसरं उंदराचं विष अजिबात नको. त्याने रक्त गोठत नाही, उंदीर लगेच न मरता काही दिवस सुस्त फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो. मग विष घुबडाच्या यकृतात साठतं. झिंक फॉस्फाईडचा पोटात वायू होतो, ते तसं साठत नाही. तरी निर्धास्त राहू नका.

आधी संध्याकाळी सगळी बिळं लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. त्यांत दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा, नाहीतर उंदीर आमिषाला तोंड लावत नाही. मग विषाचा भरडा बिळात आत टाकून तोंड बंद. वर मेलेले सापडले तर खोल पुरा. शेजाऱ्यांनाही सोबत घ्या, नाहीतर आठवड्यात त्यांचे उंदीर तुमच्याकडे.

पक्षीथांबे हरभऱ्यात लावा, रात्री घुबड बसेल. दादरमध्ये आता नको, दाणे टिपणारी पाखरंच येऊन बसतील.

धागाकर्ता :
आभारी आहे. आज पंचेचाळीस बिळं लिंपली, चिखल भावानेच कालवला. विहिरीकडची मेर तशीच ठेवलीय, तिथे विष नाही. सकाळी किती उकरली ते कळवतो.