रॉक्सीतला हलता कॅमेरा: याला माहितीपट म्हणायचं?

रिकामटेकडा
काल दिग्दर्शक डॉन लेट्सचा 'द पंक रॉक मूव्ही' (१९७८) पाहिला, पंक म्हणजे त्या काळच्या बंडखोर, कर्कश रॉक संगीतावरचा. लंडनच्या नील स्ट्रीटवर रॉक्सी नावाचा क्लब होता, बरंचसं चित्रण तिथलं, १९७७ सालचं. क्लॅश, स्लिट्स हे बँड, गायिका सूझी, सगळी मंडळी आहेत. पण माहिती म्हणाल तर हाती भोपळा. कॉव्हेंट गार्डनची भाजी-फळांची मंडई १९७४ मध्ये नाइन एल्म्सला हलली, गोदामं ओस पडली, म्हणून त्या भागात असले उद्योग सुचले. हे मला बाहेर वाचून कळलं. पडद्यावर नुसती डोकी मध्ये येतात. अहो, लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा वधूचं नाव येतं!

तबलजीचा भाचा
लग्नाचा व्हिडिओवाला भाड्याचा असतो, रिकामटेकडे. हा घरचा माणूस. रॉक्सीत रेकॉर्ड लावायचं काम लेट्सकडेच होतं. तेव्हा पंकच्या रेकॉर्ड निघाल्या होत्याच किती? म्हणून जमैकन आईबापांचा हा पोरगा दोन बँडच्या मध्ये रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, लावायचा आणि गोऱ्या पोरांना त्याची चटक लागली. चित्रण सुपर-८ या हौशी कॅमेऱ्याच्या फिल्मवर, तिचं रीळ जेमतेम तीन मिनिटांचं. चित्र तुटतं ते त्यामुळे. स्लिट्स या मुलींच्या बँडची गायिका आरी अप तेव्हा पंधरा वर्षांची. वाजवताना बँड कसाबसा एका तालात राहतोय, ती मात्र बिनधास्त किंचाळतेय. तिथे निवेदक घुसून "याच मुली पुढे इतिहास घडवणार होत्या" म्हणाला असता, तर मी टीव्ही बंद केला असता.

रिकामटेकडा
रेगेचा मुद्दा माझ्याच पथ्यावर पडला की! एवढी मोठी गोष्ट तुम्ही सांगितलीत, चित्रपटाने नाही. आणि याच लेट्सने २००५ मध्ये 'पंक: ॲटिट्यूड' काढला, तेव्हा माणसांना बसवून बोलतं केलंच ना?

मावशी नंबर वन
तो पाहिलाय. माहिती भरपूर, कंटाळा नाही. पण पन्नाशीतली माणसं जुनं सांगायला लागली की काय होतं ते आमच्या घरात बघा. काकांच्या आणीबाणीतल्या गोष्टीत दर दिवाळीला एक पोलीस वाढतो. ७७च्या रिळाला ही सोय नाही.

मात्र रिकामटेकडेंची एक गोष्ट खरी. अँडी चेझोव्स्कीने क्लब चालवला तो जेमतेम चार महिने, डिसेंबर ७६ ते एप्रिल ७७. एवढ्यात सगळं उरकलं, हे कळलं असतं तर ती घाई वेगळी दिसली असती.

एक करा. रॉक्सीत रेकॉर्ड केलेला अल्बम ७७ सालीच निघाला. त्यात गाण्यांच्या मध्ये लोकांच्या गप्पा ऐकू येतात. तो आधी ऐका, मग चित्रपट परत लावा.

रिकामटेकडा
ऐकतो. पण खाली तारखेची एक पट्टी टाकायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

तबलजीचा भाचा
पट्टी चालेल. निवेदक नको.