मदत हवी आहे: कॅम्परमधलं टॉयलेट बदलायचंय, पण भांडं उचलायला हात धजत नाहीये

मंडळी, विषय जेवताना वाचायचा नाही, आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे एक जुना कॅम्पर आहे, सेकंडहँड, आम्ही तिसरे मालक. आतलं टॉयलेट पायाने पेडल दाबायचं वालं आहे. भांड्याच्या तळाशी सरकती पाती असते, पेडल दाबलं की ती बाजूला होते आणि सगळं सरळ खालच्या मैल्याच्या टाकीत. कॅसेटवालं नाही, म्हणजे बाहेरच्या दारातून डबा ओढून काढायचा तो प्रकार नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण मागे एकदा विचारलं होतं तर निम्मे लोक मला कॅसेटचेच उपाय सांगत बसले.

तर दुखणं असं की भांड्याच्या तळाला दोन बोटं पाणी राहायला हवं ना, वास वर येऊ नये म्हणून, ते राहतच नाही. रात्री भरून ठेवलं की सकाळी ठणठणीत कोरडं. आणि छतावरचा एक्झॉस्ट पंखा लावला की टाकीतला वास घसकन आत येतो. नवऱ्याचं म्हणणं, पंखा बंद ठेव. वा, काय उपाय आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते, पण गेल्या आठवड्यात भांड्याच्या बुडाशी मागच्या बाजूला पाणी दिसलं. पुसलं, परत आलं. अनवाणी पाय ठेवला तर डावीकडची जमीन जरा दबते, ओल्या पुठ्ठ्यावर पाय पडल्यासारखी. म्हणून ठरवलं की आता नवीनच बसवायचं.

विचारायचंय ते हे, की घरातला असतो तसा चिनी मातीचा कमोड बसतो का, बसायला तरी ऐसपैस होईल. नवीन घेताना मापं कुठली घ्यायची? घरच्या बाथरूमच्या कामातली मेणाची रिंग (कमोडच्या बुडाखाली गळू नये म्हणून लावतात ती) उरलीय ती चालेल का? बोल्ट दोन्ही गंजलेत, एकाचा नट फिरवला तर अख्खा बोल्टच सोबत गोल फिरतोय. आणि शेवटचं, भांडं उचललं की टाकीचं तोंड उघडं पडणार, ते प्रत्यक्षात कितपत भयंकर असतं? खरं सांगा, धीर द्यायला खोटं नको.

———

ताई, थांबा जरा, ऑर्डर देऊ नका. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकच धरून चालल्यात.

भांड्यातलं पाणी रात्रीतून उतरतं ते खाली टाकीत जातं, जमिनीवर नाही. तो दोष पातीभोवतीच्या रबरी सीलचा. बऱ्याचदा सील फाटलेलंही नसतं, खाचेत कागद आणि क्षार साचून पाती पूर्ण मिटत नाही. हातमोजे घाला, पेडल दाबून धरा आणि जुन्या टूथब्रशने ती खाच सगळीकडून घासा. नंतर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं.

जमिनीवरच्या पाण्याची गोष्ट निराळी. कोरडा टिश्यू घ्या. पंप चालू ठेवा, फ्लश करू नका, आणि भांड्याच्या मागे जिथे पाण्याची नळी येते तिथे, व्हॉल्व्हच्या खालून, टिश्यू फिरवा. ओला झाला तर व्हॉल्व्ह किंवा जोड, कारण पंप चालू असला की तिथे सतत प्रेशर असतं. कोरडा राहिला तर फ्लश करताना बघा. तेव्हाच वरून ओघळ आला तर मागे जो छोटा व्हॅक्यूम ब्रेकर असतो (घाण पाणी उलटं पिण्याच्या लाईनमध्ये जाऊ नये म्हणून) तो गेलाय. आणि फ्लश झाल्यावर बुडाखालून पाणी आलं तरच खालची, फ्लँजवरची सीट फुटलीय असं म्हणता येईल (फ्लँज म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाची जमिनीवर स्क्रूने बसवलेली कडी, आणि सीट म्हणजे बसायची नव्हे, त्या कडीवर भांड्याखाली असते ती सीलची रिंग). हे बघितल्याशिवाय नवीन भांडं बसवलंत तर नव्या भांड्याखाली तीच जमीन कुजत राहील.

———

घरच्या कमोडचा विचार सोडून द्या. एक तर तो फ्लशला सहा लिटरच्या आसपास पाणी ओततो, दोन दिवसांत मैल्याची टाकी फुल आणि चांगल्या पाण्याची रिकामी. दुसरं म्हणजे त्याच्या पोटात वळणाचा पाइप असतो, त्यात पाणी साचलेलं, वळणावर गाडी हलली की ते उसळतं. आणि मागची पाण्याची टाकी आणि तिचं झाकण, ते तर खड्ड्यात नाचणारच. कॅम्परच्या टॉयलेटला पाती असते ती याचसाठी. ऐसपैस हवं असेल तर कॅम्परचंच उंच मॉडेल बघा. चिनी मातीचं भांडंसुद्धा त्यात मिळतं.

मापांचं सांगतो. जमिनीतल्या भोकाच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप लावा. घरात हे बरेचदा १२ इंच असतं, कॅम्परमध्ये ११ च्या आसपास, आणि त्या एका इंचावर भांडं भिंतीला अडतं. मग दोन्ही बाजूंचं अंतर. मग उंची, कारण काही गाड्यांत टॉयलेट चाकाच्या उंचवट्यावर बसवलेलं असतं, तिथे उंच भांडं घेतलंत तर पाय लोंबकळतात (आमच्याकडे हे झालंय, पाहुणे हसतात). पेडल कुठल्या बाजूला आहे, पाण्याची नळी कुठून येते, आणि बसल्यावर दार मिटतं का हेही. फ्लँज जमिनीपासून किती वर आहे ते नव्या भांड्याच्या कागदावर वाचून घ्या, साधारण पाव ते ७/१६ इंच सांगतात. बाजारात बहुतेक थेटफोर्ड नाहीतर डोमेटिकच दिसेल, पण एकाची सीलं दुसऱ्याला लागतील या भरवशावर राहू नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांनाही बरेचदा लागत नाहीत.

———

मेण नको. मेणाची रिंग घरात चालते कारण घर हलत नाही.

———

मी लावलीय की मेणाची. तीन वर्षं झाली, थेंब नाही.

———

गाडी शेवटची कधी हलवली होती?

———

…उभीच असते. बरं, बरोबर आहे तुमचं. हलत्या गाडीला रबराची किंवा फोमची सीट घ्या.

———

टाकीच्या तोंडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, मी दोनदा केलंय हे. आदल्या दिवशी टाकी रिकामी करून दोन-तीनदा पाण्याने खळबळून घ्या. मग टॉयलेटचा पाण्याचा पुरवठा बंद करा, पंप बंद करा आणि फ्लश करून नळीतलं प्रेशर काढा, नाहीतर नळी सोडताना तोंडावर फवारा. खिडक्या सताड उघड्या, सिगारेट लायटर काही नको. भांडं उचलल्या उचलल्या पाइपात जुन्या टॉवेलचा बोळा कोंबा, पण त्याला दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक बाहेर गाठ मारून ठेवा. मी पहिल्या वेळी दोरी नव्हती बांधली. पुढचं विचारू नका. बोळा एवढ्यासाठी की वास कमी होतो हे खरंच, पण मुख्य म्हणजे नट आत पडत नाही.

ब्लीचने पुसायची हौस असेल तर मूत्र सांडलेल्या जागेवर थेट ब्लीच ओतू नका. मूत्रातला अमोनिया आणि ब्लीच मिळून जो वायू होतो तो त्या एवढ्याशा खोलीत छातीत भरतो. आधी साबणपाण्याने नीट धुवा.

गोल फिरणारा बोल्ट सोडवत बसू नका. नटाखाली हॅक्सॉचं नुसतं ब्लेड घाला, एका टोकाला कापड गुंडाळून धरा आणि कापून टाका. नवीन बोल्ट स्टेनलेसचे घ्या. बसवताना दोन्ही बाजू आलटून पालटून आवळा, भांडं हललं नाही की थांबा, जोर लावलात तर बूड तडकतं. पाण्याच्या नळीचा प्लास्टिक नट तर हातानेच. त्यात आत वॉशर असतो, टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही.

भयंकर किती? पहिलं मिनिट. नंतर ते फक्त एक भोक असतं.

———

धागाकर्ती परत आलेय, चार दिवसांनी.

टिश्यूवाल्या दादांना साष्टांग दंडवत. फ्लश न करताच टिश्यू ओला झाला. व्हॉल्व्हच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर, टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसली, दर काही सेकंदांनी एक थेंब तयार होऊन पाइपवरून मागे ओघळत होता. थंडीत लाईन रिकामी न करता गाडी ठेवली होती, तेव्हाच पाणी गोठून तडकला असणार. आणि खाचेतून टूथब्रशने जे निघालं त्याचं वर्णन करत नाही, पण त्यानंतर भांड्यात पाणी सकाळपर्यंत जसंच्या तसं. म्हणजे ज्या भांड्यावर मी एवढी चिडले होते त्याचा गुन्हा फारच किरकोळ निघाला.

तरी भांडं काढलं, कारण जमीन. डावीकडे स्क्रू ड्रायव्हर टोचला तर लोण्यात सुरी जावी तसा गेला. प्लायचे थर काळे पडून सुटे झालेले, फ्लँजच्या चार स्क्रूपैकी दोनच धरून होते. कुजलेलं सगळं कापून काढलं, दोन दिवस उघडं सुकू दिलं, नवीन प्लाय बसवला. नवऱ्याने टॉर्च धरला, तक्रार न करता, हे लिहायला सांगितलंय. आमच्या मॉडेलचा व्हॉल्व्ह आता मिळत नाही, त्यामुळे शेवटी टॉयलेट नवीनच आणलंय, पण अजून खोक्यात आहे.

अडकलेय ती इथे: नवीन प्लाय आणि त्यावर व्हिनाइल टाकल्यावर जमीन वर आली आणि फ्लँज जमिनीच्या बरोबरीत गेली. दोन सीट एकावर एक ठेवल्या तर?

———

दोन सीट नको, एकमेकींवरून सरकतात. फ्लँजवर ठेवायची प्लास्टिकची स्पेसर रिंग मिळते, पाव इंची घ्या, मध्ये सीलंट लावा आणि स्क्रू खालच्या नव्या प्लायमध्ये नीट धरतील एवढे लांब वापरा. मग बोल्टही थोडे लांब लागतील, ते आधीच आणून ठेवा.

———

बसलं! रिंग टाकली, भांडं ठेवलं तेव्हा सीटवर अंगाचा भार देऊन दाबावं लागलं, नवरा म्हणाला बस ना सरळ त्यावर, तर बसले आणि बसूनच दोन्ही नट आवळले. पंप रात्रभर चालू ठेवला, मागे टिश्यू खोचून ठेवलाय, सकाळी कोरडा. आज दिवसभर गाडी फिरवून आणली, तरी कोरडा. फक्त पेडल आता डावीकडे आलंय आणि दर वेळी उजवा पाय हवेत जातो.