सेकंड हँड बेस गिटार विकताना सेटअप कोणी करायचा? माझं म्हणणं, घेणाऱ्यानं

चारतारी, परभणी

माझा चार तारांचा यामाहा बेस विकायला काढलाय, १४ हजार सांगितलेत. नांदेडच्या एका भावाला पसंत पडला, फोटो बघितले, व्हिडिओ कॉलवर एकेक फ्रेट (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) वाजवून दाखवला, सगळं जमलं आणि शेवटी म्हणतोय पुण्याला पाठवून प्रोफेशनल सेटअप (दांड्याचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं) करून द्या नाहीतर दीड हजार कमी करा. मी दोन्हीला नाही म्हणलो. त्याला वाईट वाटलं, म्हणून इथं सविस्तर लिहायलो, कारण हा प्रश्न निस्ता दीड हजाराचा नाही.

हाच बेस मी दोन वर्षांखाली मुंबईच्या माणसाकडून घेतला, एप्रिलच्या शेवटाला, देवगिरी एक्सप्रेसनं जाऊन स्वतः आणला. त्यानं विकायच्या आधी चांगल्या दुकानातून सेटअप करून घेतला होता, बिल पण बॅगेत ठेवलेलं. आठ दिवस लोण्यासारखा वाजला. मेच्या मध्यात इकडं पारा ४२-४३ वर, कूलर बंद केला की खोलीतली हवा भट्टीसारखी कोरडी, आणि ई तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, पहिल्या चार फ्रेटला खडखडाट सुरू झाला. नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचायली. मला वाटलं फसलो. त्या माणसाला मी फोनवर नको ते बोललो, आणि त्याची काडीचीही चूक नव्हती हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्याची माफी मागितली मी नंतर.

झालं असं होतं की लाकूड सुकलं. समुद्राकाठच्या दमट हवेतनं बेस परभणीच्या मेमध्ये आला, लाकूड आकसलं, फ्रेटची धातूची टोकं तर आकसत नाहीत, ती बाहेर आली. नेकमध्ये जो हलकासा बाक लागतोय तो गेला, नेक सरळ होऊन उलटा कलला आणि तार खालच्या फ्रेटवर आपटायली. चारी तारांचा मिळून ७०-८० किलोचा ताण त्या नेकवर असतोय, आतली ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) त्याला उलटं ओढून धरते, आणि हवा बदलली की हा तोल बदलणारच. पुढं ऑगस्टमध्ये तोच नेक उलट वाकला आणि तारा उचलल्या गेल्या. म्हणजे काय, जिथं सेटअप केला तिथल्या हवेचा तो सेटअप. पुण्याला पावसात केलेला नांदेडला मेमध्ये टिकत नसतोय, मग त्याचे दीड हजार मी का द्यायचे? घेणाऱ्यानं शिकायचं, आणि वर्षातनं दोनदा करायचं, एकदा मेमध्ये, एकदा पोळ्याच्या आसपास.

अवघड काही नाही यात. बेस सुरात लावायचा. ई तार पहिल्या फ्रेटला एका हातानं आणि शेवटच्या फ्रेटला दुसऱ्या हातानं दाबायची, मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये फट किती ते बघायचं. ०.३० ते ०.३५ मिलिमीटर पाहिजे, साधारण जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतंय तेवढी. मी तर आमच्या गल्लीतल्या टू-व्हीलर गॅरेजमधून फिलर गेज आणतो, टॅपेट सेट करायला जे वापरतात तेच, त्याच्या पात्यांवर आकडे कोरलेले असतात. फट कमी असेल तर ट्रस रॉड पाव फेरा सैल, जास्त असेल तर पाव फेरा घट्ट, आणि मग रात्रभर ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. नंतर सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला ब्रिजवर तार टेकते तो तुकडा. सतराव्या फ्रेटपासून ई तार २.४ आणि जी तार (सगळ्यात बारीक) २ मिलिमीटर उंच, हे फेंडर या बेस बनवणाऱ्या कंपनीचं माप, तिथून आपापल्या हाताला जमेल तसं.

दौलताबादी, संभाजीनगर

दादा, माफी मागितलीत हे चांगलं केलंत पण हवामानाच्या आडून तुम्ही विकणाऱ्याला सगळ्यातनंच सोडवायलेत, ते मला पटलं नाही. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा हवेनं उंच होत नाहीत. तिसऱ्या-पाचव्या फ्रेटवर पडलेले खड्डे हवेनं पडत नाहीत. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येते, जॅक सैल झालाय, हे सगळं विकणाऱ्याच्या हातातलं आहे आणि त्याला सगळं माहीत असतंय.

मी काहून एवढं लिहायलोय सांगतो. आमच्या कॉलनीतलं बारावी झालेलं पोरगं, पहिला बेस घेतला, ७ हजारात, विकणाऱ्यानं सांगितलं एकदम ओके आहे. पोरगं रोज दोन तास बसायचं. बोटांना फोड आले, पहिल्या फ्रेटवर एफ दाबायचा तर मनगट थरथरायचं. त्याला वाटलं आपली बोटंच कमजोर, आपल्याला जमणार नाही. दोन महिन्यांत सोडलं त्यानं. मी एक दिवस सहज बघितलं तर बाराव्या फ्रेटला ई तार चार मिलिमीटरच्या वर, आणि नटच्या खाचा इतक्या उंच की पहिला फ्रेट दाबायला दोन बोटं लागावीत. त्याला कोण सांगणार होतं की घेणाऱ्यानं शिकायचं असतं? ज्याला अजून ओपन तार आणि फ्रेट नीट कळत नाही त्याच्या हातात तुम्ही पाना देणार का? नवीन घेणाऱ्याला विकताय तर सेटअप करूनच विका, नाहीतर पैसे कमी करा. नांदेडवाल्यांचं मागणं रास्त आहे.

मांजराकाठ, लातूर

दोघांचंही वाचलं. मी स्वतःच शिकायला गेलो आणि एक नेक घालवून बसलो म्हणून चारतारी यांच्या 'अवघड काही नाही' या वाक्यावर मला थांबावं वाटलं. ट्रस रॉड फिरवायच्या नटला माझ्याकडचा एलन पाना थोडा ढिला बसत होता. मला वाटलं चालतंय. अमेरिकन मापाचा पाना इंचात असतोय, जपानी कंपन्यांचे बहुतेक मिलिमीटरमध्ये, आणि दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात, ३/१६ इंच आणि ५ एमएम ठेवा शेजारी, फरक कळणार नाही. मी जोर दिला, पाना फिरला, नट नाही फिरलं. आतली षटकोनी खाच गोल झाली. हातालाच कळलं ते, घट्टपणा एकदम गेला. त्या नटाला काढायला पुढं कारागिरानं जे घेतले त्यात तारांचे दोन सेट आले असते.

म्हणून माझं मत, शिकायचं हे खरं पण पहिल्या वेळेला ज्याला येतंय त्याच्या शेजारी बसून. आणि नट फिरत नसेल तर हात काढून घ्यायचा, तिथं ताकद लावायची नाही.

चारतारी, परभणी

दौलताबादी, तुमच्या पोराचं वाचून खरंच वाईट वाटलं. नट, फ्रेट, बटणं, जॅक, हे विकणाऱ्यानं दुरुस्त तरी करावं नाहीतर स्पष्ट सांगावं, हे मी मान्य करतो, माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ते यायला पाहिजे होतं. माझ्या बेसचं सगळं मी नांदेडच्या भावाला सांगितलंय, बारीक खरखर टोनच्या बटणाला आहे ती पण. पण ट्रस रॉड आणि सॅडल या दोन गोष्टी मी धरून आहे. ते ट्यूनिंगसारखं आहे. सुरात लावून दिलेली गिटार पोचेपर्यंत उतरली तर आपण विकणाऱ्याला पैसे मागत नाही.

मांजराकाठ, पान्याचं बरोबर आहे. आणि एक सांगतो, घट्ट करायच्या आधी तारा सैल करा, रॉडवर ओढ कमी पडते.

बालाघाट, बीड

मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवायलोय, हळदी, लग्नं, जयंतीचे कार्यक्रम, गणपती. एवढं मोजमाप आयुष्यात केलं नाही. तारा जरा उंच असल्या की हात मारला की आवाज भरीव येतो, तारा खाली घेतल्या की मंडपात ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या पुढं निस्त्या पिचपिच करतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन बघा, फेंडरचा ६२ चा प्रिसिजन बेस, जाड फ्लॅटवाऊंड (गुळगुळीत) तारा, ॲक्शन म्हणजे तारांची उंची जास्त, आणि तारा तुटल्याशिवाय बदलत नव्हता म्हणतात. त्याच्या रेकॉर्डवर जग शिकलं. आजकालची पोरं सहा महिने मिलिमीटर मोजतात आणि एक गाणं धड वाजवत नाहीत. विकणाऱ्यानं पण नको करायला आणि घेणाऱ्यानं पण नको, आधी वाजवा. हात बसला की सगळं बसतंय.

शॉर्टस्केल ताई, जालना

बालाघाट दादा, तुमच्या बारा वर्षांचा मान ठेवून बोलते. जेमर्सनला उंच तारा हव्या होत्या, त्याचा हात तसा तयार झालेला, म्हणजे तो त्याचा सेटअपच होता की. मला त्या नकोत. मी चर्चमध्ये दर रविवारी वाजवते, माझा हात लहान आहे. पहिली तीन वर्षं ३४ इंची (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) बेस उंच तारांवर ओढला आणि डाव्या मनगटाचं दुखणं घेऊन बसले, स्वयंपाकघरात तवा उचलवत नव्हता. डॉक्टरांनी दीड महिना वाजवणं बंद करायला लावलं. मग ३० इंची घेतला, त्याला तेवढ्याच सुरासाठी ताण कमी लागतो, आणि तारा खाली घेतल्या. आता दोन तास बसले तरी काही होत नाही. 'हात बसतो' हे सगळ्यांच्या हाताला लागू नाही, काहींचा हात बसत नाही, मोडतो.

आणि सुराचं काय? तार जेवढी उंच तेवढी दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. १९५१ साली लिओ फेंडरनं बेसला फ्रेट बसवले आणि नावच प्रिसिजन ठेवलं, बोट ठेवलं की नेमका सूर यावा म्हणून. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवा आणि तीच तार तिथंच दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही सारखे आले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागं घ्या, उतरता असेल तर पुढं. कीबोर्डवाल्यासोबत वरच्या फ्रेटवर वाजवताना हे नसलं की गाणाऱ्याला सूर सापडत नाही. आमच्याकडं गाणारी आजी ७० च्या पुढची आहे, तिनंच मला पहिल्यांदा सांगितलं की बाई तुझं वरचं बेसूर आहे.

बालाघाट, बीड

ताई, मनगटाचं मला माहीत नव्हतं, ते वाचून, आधी बोललो त्याचं वाईट वाटायलंय. सुराचंही पटलं, मी पाचव्या फ्रेटच्या वर फारसा जातच नाही म्हणून मला कधी जाणवलं नाही. पण मंडपात उंच तारा हव्यात यावर मी ठाम आहे.

गोदाकाठचा, नांदेड

ज्याच्यावरून हा धागा निघाला तो नांदेडचा मीच. चारतारी दादा, मला राग आला नव्हता, भीती होती. माझा पहिला बेस एका ओळखीच्याकडून घेतलेला, रोख ११ हजार. घरी आणला, सहा महिने सेटअप शिकायच्या नादात गेले, ई तार नीट केली की जी तार फ्रेटला लागायची, जी उचलली की ई झोपायची. शेवटी हैदराबादला घेऊन गेलो, आम्हाला पुण्यापेक्षा तेच जवळ पडतंय. तिथल्या कारागिरानं बेस हातात धरला, ब्रिजकडून नेकवर एक डोळा लावून बघितलं आणि पाना न उचलता परत दिला. नेक पिळलेला आहे म्हणाला, ट्रस रॉड बाक काढते, पीळ काढत नाही. ११ हजार गेले. येताना रेल्वेत तो बेस मांडीवर घेऊन बसलो होतो, बोलायचीही इच्छा नव्हती.

म्हणून मी प्रोफेशनल सेटअप मागत होतो. सेटअप टिकावा म्हणून नाही, एखाद्या जाणत्यानं तो नेक हातात घेऊन बघितलेला असावा म्हणून.

चारतारी, परभणी

भाऊ, हे आधी सांगितलं असतं तर मी एवढं ताणलंच नसतं. काल रात्री फिलर गेज आणून मोजलं, लिहून देतो. ई तारेखाली आठव्या फ्रेटला ०.३५, जी तारेखाली ०.३०, म्हणजे पीळ नाही, असता तर दोन्हींत मोठा फरक दिसला असता. सतराव्याला ई २.५, जी २.१. ट्रस रॉड दोन्हीकडं फिरतेय, पाना ५ एमएमचा, तो बेससोबत देतो. तिसऱ्या फ्रेटवर ए तारेखाली बारीक खड्डा आहे, वाजत नाही पण आहे. तारा दीड वर्षाच्या आहेत, बाराव्याचा सूर त्यामुळं थोडा इकडंतिकडं होतोय.

पैसे कमी करत नाही पण तारांचा ४५ ते १०५ जाडीचा नवा सेट पडून आहे तो देतो. तुम्ही रविवारी परभणीला या, सकाळची गाडी धरली तर दहापर्यंत पोचाल. आपण दोघं मिळून तारा चढवू, पाना तुमच्या हातात, मी शेजारी बसतो. तारा चढवल्यावर नेक लगेच स्थिर होत नाही, म्हणून जेवण इथंच करा, चारला परत मोजू आणि मग घ्यायचा का नाही ते ठरवा. नाही पटलं तर तसेच जा, माझी काही हरकत नाही.

गोदाकाठचा, नांदेड

येतो दादा. माझा जुना, पिळलेला पण आणू का? तुम्ही एकदा डोळा लावून बघा.

चारतारी, परभणी

आणा. मांजराकाठ, दौलताबादी, कोणाला जमत असेल तर तुम्हीही या, गॅरेजवाला रविवारी बंद असतो म्हणून गेज शनिवारीच आणून ठेवतो.