रद्दीत देण्याआधी एकदा बांधून घ्या

पानं सुटी झालेली पुस्तकं तुम्ही रद्दीत देता, हे वाचून जीव हळहळला. माझी शनिवारची फेरी ठरलेली: गिरणीत दळण टाकायचं, वाचनालयात पुस्तक बदलायचं आणि येताना बाइंडरकाकांकडे डोकवायचं. काका मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, म्हणजे पुस्तकाला कसर, ती कागद खाणारी कीड, लागत नाही. जुनी शिलाई उसवून पानं पुन्हा दोऱ्यानं शिवतात, पाठीला कापड लावतात. नुसतं डिंकानं चिकटवलेलं पुस्तक थोड्याच दिवसांत परत तडकतं, म्हणून शिलाईच करून मागा. आणि हो, कडा सूतभरच कापायला सांगा. आईनं समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी माझ्या एका पुस्तकातून अशाच गेल्या. अजून चुटपुट लागते.